पाव मैलाचा हिशेब

दोन वाहने शेजारी शेजारी उभी करावीत, समोर सरळ रस्ता असावा आणि इशारा मिळताच दोघांनी धाव घ्यावी, याहून साधी शर्यत दुसरी नसेल. विदर्भातील शंकरपटात बैलजोड्या अशाच आखूड, सरळ पट्टीवर धावतात आणि सेकंदाच्या लहानशा अंशावरून त्यांचा निकाल लागतो. अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत हाच प्रकार ‘ड्रॅग रेसिंग’ या नावाने रूढ आहे. तेथील परंपरागत अंतर पाव मैलाचे, म्हणजे १३२० फुटांचे किंवा सुमारे ४०२ मीटरांचे. वळण नाही, घाट नाही, फेऱ्यांची मोजदाद नाही. स्थिर उभ्या वाहनाने हे अंतर किती सेकंदांत तोडले, एवढाच प्रश्न. ज्या पट्टीवर ही परीक्षा होते तिला ‘ड्रॅग स्ट्रिप’ म्हणतात.

या पट्टीवर केवळ खास बांधणीची, आग ओकणारी वाहनेच उतरतात असा समज दुरून पाहणाऱ्याचा होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अनेक पट्ट्या ठराविक संध्याकाळी सर्वसामान्य वाहनमालकांना खुल्या असतात. प्रवेशशुल्क भरावे, वाहनाची तपासणी करून घ्यावी आणि रांगेत उभे राहावे. या रांगेत अमेरिकेचे ते सर्वपरिचित वाहन, पिकअप ट्रक, हमखास आढळते. पुढे माणसांसाठी केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा, अशी त्याची रचना. शेतकऱ्याचे गवताचे भारे, सुताराच्या फळ्या, नळकारागिराचे पाईप वाहण्यासाठी ते निर्माण झाले. सोमवार ते शुक्रवार ज्याने पोट भरायचे, त्याच वाहनाने शनिवारी पाव मैल धावायचे, ही तेथील हजारो मालकांची हौस आहे. अशा मालकाला एंजिन उघडायचे नसते आणि महागडे भाग बसवण्याची त्याची ऐपतही नसते. कारखान्यातून जसे आले तशा अवस्थेतील पिकअपची वेळ कमी करता येईल काय, हा त्याचा प्रश्न. वरवर तो पोरखेळाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात गतिशास्त्राचा एक सुंदर पाठ दडलेला आहे, आणि त्या पाठामागे जीविताचाही प्रश्न आहे.

तो प्रश्न प्रथम पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांत जुन्या मोटारी दुरुस्त करून त्या वेगवान करण्याचे वेड पसरले. वाळवंटातील कोरड्या सरोवरांचे सपाट तळ त्यांना शर्यतींसाठी उपलब्ध होते. परंतु ते दूर होते आणि गावातील रस्ते जवळ होते. साहजिकच रात्री रस्त्यांवर शर्यती होऊ लागल्या, अपघात घडू लागले आणि या छंदाकडे समाज गुन्हेगारी म्हणून पाहू लागला. १९५० साली सांता ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स या संपादकाने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. रस्त्यावरील शर्यत पोलिसी दंडुक्याने थांबणार नाही, तिला सुरक्षित जागा आणि नियम द्यावे लागतील, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. १९५४ साली संस्थेची एक तुकडी वेळ मोजण्याची यंत्रे गाडीत घालून गावोगाव हिंडली आणि शर्यत कशी भरवावी याचे शिक्षण देत गेली. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. आज सामान्य पिकअपवाला ज्या पट्टीवर निर्धास्तपणे उभा राहतो, ती या खटपटीचे फळ आहे.

आता मोजणीची रीत. आरंभरेषेपाशी जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण पट्टीला आडवे सोडलेले असतात. पुढच्या चाकाने पहिला किरण अडवला की वाहन जवळ आले असे समजते. त्यापुढे सुमारे १८ सेंटिमीटरांवरील दुसरा किरण अडवला की वाहन सज्ज झाले. समोरच्या खांबावर दिव्यांची उतरंड असते. १९६३ पासून वापरात आलेल्या या खांबाला त्याच्या रूपावरून ‘ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले. साध्या शर्यतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात आणि नंतर हिरवा. वाहनाचे घड्याळ मात्र हिरव्या दिव्याने सुरू होत नाही. पुढचे चाक दुसऱ्या किरणातून बाहेर पडते त्या क्षणी ते सुरू होते आणि पाव मैलाच्या रेषेवर थांबते. या काळाला धावेचा काळ म्हणू. चालकाने दिव्याला प्रतिसाद देण्यास घेतलेला वेळ वेगळा नोंदला जातो. शेवटच्या ६६ फुटांत वाहनाचा वेग मोजतात, तो अंतिम वेग. शिवाय ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट आणि १००० फूट या टप्प्यांवरील वेळाही टिपल्या जातात. धाव संपल्यावर हे सर्व आकडे छापलेली एक चिठ्ठी चालकाच्या हाती येते. सुज्ञ चालकाचा खरा गुरू ही चिठ्ठीच होय.

कोणत्या वाहनाला किती वेळ लागावा, याचा एक ढोबळ नियम आहे. एंजिनाची सर्व शक्ती वाहनाला सतत पुढे ढकलण्यात खर्च होते असे मानले, तर गणिताने असे सिद्ध होते की, धावेचा काळ हा वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. अमेरिकन मोटारतज्ज्ञांना हा संबंध प्रथम अनुभवाने गवसला. पुढे १९७३ साली जेफ्री फॉक्स यांनी भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात त्याची उपपत्ती मांडली. चालकासह २२७० किलो वजनाचा आणि ३०० अश्वशक्तीचा पिकअप घेतला, तर प्रचलित सूत्राप्रमाणे त्याला सुमारे १४.९ सेकंद लागावेत आणि अंतिम वेग ताशी १४७ किलोमीटरांच्या आसपास यावा. हे झाले सर्व काही सुरळीत जुळून आल्यावरचे उत्तर. नवख्या चालकाची पहिली धाव याहून सहज अर्धा-पाऊण सेकंद मंद असते. हा अर्धा-पाऊण सेकंद एंजिनाने गमावलेला नसतो. तो सुरुवातीच्या काही मीटरांत, टायरखाली आणि चालकाच्या हातापायांतून सांडलेला असतो. कारखानी अवस्थेतील वाहनाची वेळ कमी करणे म्हणजे हे सांडलेले क्षण गोळा करणे.

घनमुळाचा हा नियम मोठा निष्ठुर आहे. वेळ दहा टक्क्यांनी कमी करायची, म्हणजे पंधरा सेकंदांचे साडेतेरा करायचे, तर शक्ती सुमारे ३७ टक्क्यांनी वाढवावी लागते. म्हणून एखादे चकचकीत उपकरण बसवून चमत्कार घडेल ही आशा बहुधा फोल ठरते. वजनाच्या बाबतीत मात्र मालकाच्या हाती काही आहे, आणि तेही बिनखर्चाचे. वर घेतलेल्या वाहनातून ४५ किलो काढले तर वजन दोन टक्क्यांनी घटते आणि वेळ दशांश सेकंदाने. कामाच्या पिकअपमध्ये असे किलो जागोजागी लपलेले असतात. हत्यारांची पेटी, साखळ्या, स्टेपनी, जॅक, सीटमागे साठलेला लोखंडी पसारा, आणि टाकीतील इंधन. शंभर लिटरांच्या भरल्या टाकीचे इंधनच सत्तर किलोंहून अधिक भरते. तथापि टाकी अगदी कोरडी ठेवणे शहाणपणाचे नाही. झेप घेताना इंधन मागे सरकते आणि पंपाला ते पुरेनासे होते. म्हणून पाव टाकी हे प्रमाण बरे. एक पथ्य मात्र पाळावे. वाहनाचा कोणताही सुरक्षेचा भाग, मग तो सीटचा पट्टा असो वा बंपर, वजनाच्या लोभाने काढू नये.

परंतु पिकअपच्या बाबतीत वजन काढताना एक पेच उद्भवतो, आणि हाच या विषयाचा गाभा आहे. एंजिन पुढे, केबिन पुढे आणि हौदा रिकामा. त्यामुळे रिकाम्या पिकअपच्या वजनातील शंभरांपैकी साठाच्या जवळपास भाग पुढच्या चाकांवर असतो. बहुतेक पिकअपांत एंजिनाची शक्ती मात्र मागच्या चाकांना मिळते. ज्यांनी जमिनीला रेटायचे त्यांच्यावर भार कमी आणि ज्यांनी नुसते फिरायचे त्यांच्यावर जास्त, असा हा विपरीत न्याय. टायरची पकड त्याच्यावरील भारावर अवलंबून असते. त्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच मागची चाके जागच्या जागी गरगरतात, धूर निघतो, प्रेक्षक टाळ्या पिटतात आणि सेकंद वाया जातात. वाहन झेप घेते तेव्हा त्याचे नाक वर उचलले जाते आणि मागची बाजू दबते. पुढचा काही भार मागे जातो. पिकअप उंच असल्यामुळे याचा त्याला लाभ होतो, परंतु त्याच्या लांबलचक बांध्यामुळे तो लाभ पुन्हा घटतो. टायरची पकड भाराच्या नऊ दशांश आहे असे धरून हिशेब केला, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या रिकाम्या पिकअपला गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहूनही कमी त्वरण साधते. चारही चाके रेटू लागली तर ही मर्यादा जवळजवळ दुप्पट होते.

याचा एक नामांकित दाखला आहे. १९९१ साली जनरल मोटर्सच्या जीएमसी शाखेने ‘सायक्लोन’ नावाचा एक छोटा पिकअप बाजारात आणला. ४.३ लिटरांचे सहा सिलिंडरी टर्बो एंजिन, २८० अश्वशक्ती आणि चारही चाकांना गती. सुमारे तीन हजारच ट्रक तयार झाले. ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने त्याच वर्षी त्याला फेरारी ३४८ या इटालियन मोटारीशेजारी उभे केले. पाव मैल सायक्लोनने १४.१ सेकंदांत तोडला, फेरारीने १४.५ सेकंदांत. रेषा ओलांडताना अंतिम वेग मात्र फेरारीचाच अधिक होता. हा विरोधाभास नीट समजून घेतला तर या शर्यतीचे मर्म हाती येते. काळ हा बव्हंशी आरंभावर ठरतो, अंतिम वेग हा शक्तीवर. सायक्लोनने पहिल्या काही मीटरांतच जी आघाडी घेतली, ती फेरारीला उरलेल्या अंतरात भरून काढता आली नाही. या ट्रकची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या हौद्यात अवघे २२७ किलो ओझे भरण्याची कंपनीची परवानगी होती. धावण्यासाठी घडवलेला ट्रक ओझ्याच्या कामातून जवळजवळ उठलाच होता.

सामान्य पिकअपवाल्याला आपल्या मागच्या दोन चाकांवरच भिस्त ठेवावी लागते. काही पिकअपांत चारही चाकांना जोडण्याची सोय असते. पण ती बहुतांशी चिखलासाठी, बर्फासाठी. कोरड्या कठीण रस्त्यावर वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ही जोडणी त्यांना तसे करू देत नाही. त्यात दांडे आणि गिअर यांवर भयंकर ताण येतो. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल इशारा असतो, तो आधी वाचावा. म्हणून पहिले लक्ष टायरांकडे. मागच्या टायरांतील हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि पकड सुधारते. पुढच्या टायरांत हवा भरपूर असली की घरंगळण्याचा विरोध घटतो. ही कपात थोडीथोडी, प्रत्येक धावेनंतर चिठ्ठी पाहून करावी. अतिरेक केला तर टायर मोठ्या वेगात डोलू लागतो. घरी परतण्यापूर्वी हवा पूर्ववत भरलीच पाहिजे.

आरंभरेषेच्या अलीकडे पाणी शिंपडलेला एक चौकोन असतो. शर्यतीचे गुळगुळीत टायर तेथे भिजवून, जागीच फिरवून तापवतात. रस्त्यावरच्या टायरांना हे पाणी अपायकारक ठरते. त्यांच्या खाचांत ते अडकते आणि नेमके आरंभरेषेवर ठिबकते. म्हणून कारखानी पिकअपने त्या पाण्याला वळसा घालून पुढे यावे आणि मागची चाके क्षणभर फिरवून त्यांवरची धूळ व खडे झाडून टाकावेत. याहून अधिक धुराची गरज नसते.

रेषेवर उभे राहण्यातही कौशल्य आहे. दुसरा किरण चाकाने जेमतेम अडवला जाईल असे उभे राहिले, तर घड्याळ सुरू होण्यापूर्वी वाहनाला सुमारे एक फूट सरकायला मिळते. टायर जितका मोठा तितके हे अंतर अधिक, आणि पिकअपचे टायर मोठेच असतात. थांबलेल्या जड वाहनाला हलवण्यातच सर्वांत अधिक वेळ जातो. तो काही अंशी असा घड्याळाबाहेर निघून जातो. चाक पुढे रेटून उभे राहणाऱ्याचा हा लाभ हरपतो.

त्यानंतर प्रत्यक्ष झेप. बहुतेक पिकअपांत गिअर स्वयंचलित असतात आणि एंजिन व गिअर यांच्यामध्ये तेलाने शक्ती पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि उजव्या पायाने एंजिनाचे फेरे हलकेच वाढवायचे, म्हणजे ब्रेक सुटताच वाहन जोराने निघते. परंतु त्या अवस्थेत एंजिनाची सारी शक्ती गिअरच्या तेलात उष्णता होऊन मुरते. दोन-तीन सेकंदांपलीकडे हे केले तर जी हानी होते तिची किंमत दहा शर्यतींच्या बक्षिसांतूनही भरून येत नाही. अलीकडच्या कित्येक वाहनांत दोन्ही पेडल एकाच वेळी दाबताच यंत्रणा एंजिनाची शक्ती आपोआप उतरवते; तेथे हा उपाय लागू पडत नाही. ब्रेक सोडल्यावर ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबण्याचा मोह होतो. चाके गरगरत असतील तर पाय थोडा आवरून, वाहन गतीला लागताच तो पूर्ण दाबावा. पाय आवरणाऱ्याची वेळ पाय आदळणाऱ्यापेक्षा चांगली येते, हे पहिल्यांदा चिठ्ठीवर पाहिलेल्या तरुणाला त्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

या झेपेला एवढे महत्त्व का, हे आकड्यांनीच कळते. पहिले ६० फूट म्हणजे एकूण अंतराचा जेमतेम साडेचार टक्के भाग; परंतु पंधरा सेकंद घेणारा पिकअप तेथेच सव्वादोन सेकंदांच्या आसपास, म्हणजे एकूण काळाचा सुमारे पंधरा टक्के भाग, खर्च करतो. निम्मे अंतर तोडेपर्यंत निम्म्याहून बराच अधिक वेळ संपलेला असतो. शिवाय पहिल्या ६० फुटांत दशांश सेकंद वाचला तर पाव मैलाअखेर बहुधा दीडपट बचत होते, कारण आधी मिळालेला वेग उरलेल्या सर्व अंतरात उपयोगी पडतो.

गिअर बदलण्याचा क्षणही विचार करण्याजोगा आहे. एंजिनाची शक्ती एका विशिष्ट फेऱ्यांपर्यंत वाढते आणि मग उतरू लागते. वरचा गिअर पडला की फेरे खाली येतात. म्हणून शिखराला पोचताच गिअर न बदलता, ते थोडे ओलांडू देऊन बदलला, तर पुढच्या गिअरातही एंजिन आपल्या जोमाच्या टापूतच राहते. आधुनिक स्वयंचलित गिअर हे काम पुष्कळ अचूक करतात; तेव्हा प्रथम त्यांच्यावर सोपवून द्यावे आणि मगच हाताने बदलून पाहून चिठ्ठ्यांची तुलना करावी.

यानंतरचा घटक मालकाच्या हातचा नाही, पण त्याने ओळखून असावा असा आहे. तो म्हणजे हवा. एंजिन जितके अधिक इंधन जाळते तितकी अधिक हवा त्याला लागते. हवा विरळ झाली की शक्ती घटते. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ बँडिमेर स्पीडवे ही विख्यात पट्टी होती. २०२३ साली ती बंद झाली. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ५८०० फूट. तेथे हवेची घनता समुद्रकाठच्यापेक्षा साधारण सोळा टक्क्यांनी कमी. घनमुळाच्या नियमाने, किनाऱ्यावर पंधरा सेकंद घेणारा साधा पिकअप तेथे जवळजवळ सोळा सेकंद घेणार. टर्बो असलेल्या एंजिनाला हा फटका कमी बसतो, कारण ते हवा दाबूनच आत घेते. उष्ण दुपार आणि गार रात्र यांतही असाच भेद असतो. त्याच वाहनाची रात्रीची वेळ दुपारच्या वेळेपेक्षा चांगली आली, तर तेवढ्याने चालकाने आपली पाठ थोपटून घेऊ नये. बॉनेटखालची उष्णताही तीच हानी करते. दोन धावांच्या मध्ये बॉनेट उघडे ठेवून एंजिन निवू द्यावे, रांगेत ते विनाकारण चालू ठेवू नये आणि धावेपूर्वी वातानुकूलन बंद करावे, हे सर्वांत स्वस्त उपाय होत. एअर फिल्टर स्वच्छ असावा, हे वेगळे सांगायला नको.

या क्षेत्रात अंधश्रद्धाही थोड्या नाहीत. मागचा फाळका पाडला की वारा आरपार जाईल आणि वेग वाढेल, ही त्यांतील एक. पवनबोगद्यातील चाचण्यांत उलटच आढळले. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा कोंडून राहतो आणि बाहेरचा प्रवाह त्यावरून घसरत पलीकडे जातो. फाळका उघडताच ही व्यवस्था मोडते. दुसरी समजूत महागड्या पेट्रोलची. उच्च ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ती असा अर्थ होत नाही. अकाली पेट घेण्यास ते इंधन अधिक विरोध करते, इतकेच. ज्या एंजिनाची यंत्रणा त्यानुसार ठिणगीची वेळ बदलू शकते त्याला त्याचा लाभ, इतरांना नाही.

२०२१ पासून विजेवर चालणारे पिकअप बाजारात आले आणि या हिशेबाला निराळे वळण लागले. रिव्हियन कंपनीच्या चार मोटारींच्या पिकअपचे वजन तीन टनांहून अधिक. तरीही स्थिर अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरांचा वेग तो तीन-साडेतीन सेकंदांत गाठतो. विजेच्या मोटारीचा रेटा पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो, चारही चाके राबतात आणि विरळ हवेने मोटारीची शक्ती घटत नाही. मात्र बॅटरीचे तापमान आणि तिच्यात उरलेला भार यांवर तेथेही वेळ अवलंबून असते. साधने बदलली, वजन, शक्ती आणि पकड यांचे त्रैराशिक तेच राहिले.

इतके सारे उपाय एकाच संध्याकाळी करून पाहणारा मनुष्य शेवटी काहीच शिकत नाही. वेळ सुधारली तर ती हवेच्या दाबामुळे, रात्रीच्या गारव्यामुळे की स्टेपनी काढल्यामुळे, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून जाणता चालक पहिल्या दोन-तीन धावा काहीही न बदलता करतो आणि आपला पाया निश्चित करतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो, धाव घेतो, चिठ्ठीच्या मागे बदल आणि तापमान टिपतो. साठ फुटांची वेळ सुधारली पण अंतिम वेग तोच राहिला, तर पकड सुधारली असे समजावे. अंतिम वेग वाढला, तर शक्ती वाढली किंवा वजन घटले. स्टेपनी काढावी की मागच्या चाकांवर भार म्हणून राहू द्यावी, असल्या वादाचा निवाडाही चिठ्ठीच करते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो?

प्रत्यक्ष स्पर्धेत आणखी एक गंमत आहे. हिरवा दिवा लागल्यापासून ०.४० सेकंद उशिरा निघून १४.९५ सेकंदांत धावणारा चालक, ०.१० सेकंदात निघून १५.२० सेकंद घेणाऱ्याच्या मागे पडतो. बेरीज केली की हे कळते. सर्वांत लोकप्रिय अशा एका प्रकारात तर प्रत्येकाने आपली अपेक्षित वेळ आधीच जाहीर करायची असते. पंधरा सेकंदांच्या पिकअपला बारा सेकंदांच्या मोटारीपुढे तीन सेकंद आधी सोडतात, आणि जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचणारा बाद होतो. तेथे वेगापेक्षा नेमकेपणा जिंकतो. नळकारागिराचा ट्रक लाखमोलाच्या मोटारीला हरवू शकतो तो याच नियमामुळे. या लोकशाही व्यवस्थेनेच हा खेळ श्रीमंतांच्या तबेल्यात कोंडला गेला नाही.

शेवटी सुरक्षेविषयी. १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्याने प्रमाणित शिरस्त्राण घातलेच पाहिजे, असा संस्थेचा नियम आहे. त्याहून मंद असणाऱ्याने ते घातले तर बिघडत काही नाही. हौद्यात सुटी वस्तू नसावी, तेल किंवा पाणी गळता कामा नये, मधली रेषा ओलांडू नये आणि पाव मैल संपल्यावर ब्रेक सावकाश दाबावा. सव्वादोन टनांचे वाहन ताशी १४७ किलोमीटरांच्या वेगात असते, याचा विसर पडू देऊ नये. भारतातही एकविसाव्या शतकात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. आपल्याकडील तरुणांनाही हे वेड नवे राहिलेले नाही. त्यांच्या दृष्टीने पार्क्स यांचा धडा सर्वांत मोलाचा ठरेल. सार्वजनिक रस्त्यावर वेळ मोजणारे घड्याळ नसते, पाण्याचा बंब नसतो, रुग्णवाहिका नसते, आणि समोरून येणाऱ्या सायकलस्वाराने या शर्यतीला संमती दिलेली नसते. बंद पट्टीवर मिळवलेला दशांश सेकंद हा ज्ञानाचा आणि संयमाचा असतो. तो चिठ्ठीवर घेऊन, टायरांत हवा भरून, स्टेपनी आणि हत्यारांची पेटी पुन्हा हौद्यात चढवून जो मालक सुखरूप घरी परततो आणि सोमवारी त्याच ट्रकने कामाला जातो, त्याचा हिशेब चोख जमला असे म्हणावे.